दीडशे डॉलरची पेटी

आमच्या पिढीतल्या मराठी मुसलमानांना 'कॅसिओ' हे एका जपानी कंपनीचं नाव आहे, हे फार उशिरा कळलं. आमच्यासाठी तो वाद्याचा शब्द होता. जशी पेटी, जसा बेंजो, तसा कॅसिओ. पुढे दुसऱ्या कंपन्यांची वाद्यं आली, तरी वाजवणाऱ्याला आम्ही 'कॅसिओवाला'च म्हणत राहिलो.

कोकणातल्या आमच्या गावांत १९८० नंतरच्या काळात कुवेत, दुबई, सौदीहून सुट्टीवर येणाऱ्या मामूंच्या, चाचांच्या सामानातून अत्तर, ब्लँकेट, टेपरेकॉर्डर आणि घड्याळांबरोबर कधीतरी ही प्लास्टिकची पेटीही यायची. मग दोन दिवस साऱ्या मोहल्ल्याची पोरं पडवीत जमायची. एक बटण दाबलं की आतून ताशासारखं काहीतरी, झांजेसारखं काहीतरी आणि खाली एक जाड सूर, असं सगळं आपोआप सुरू व्हायचं. 'अजान होतेय, बंद करा ते,' असं आतून दादी ओरडायची आणि पोरं पांगायची. पेटी शिकलेली, कव्वालीच्या पार्टीत बसलेली वडीलधारी माणसं मात्र नाक मुरडायची. 'हे खेळणं आहे, वाद्य नव्हे. यात ना मींड, ना दम,' असं त्यांचं मत. आम्ही ते मुकाट मान्य केलं. दोन-चार वर्षांत सेल संपले, पट्ट्या तुटल्या, आणि पेटी माळ्यावर गेली.

ज्याला आम्ही खेळणं म्हणून हसलो, तसल्याच एका खेळण्याच्या एका बटणाने १९८५ साली जमैका या देशाचं संगीत मुळापासून बदलून टाकलं. हे वाचनात आलं तेव्हा माळ्यावरच्या त्या पेटीकडे आम्हाला नव्याने पाहावंसं वाटलं.

हिशोबाच्या यंत्रातून सूर

कॅसिओ मुळात वाद्यं बनवणारी कंपनी नाही. तादाओ काशिओ यांनी १९४६ साली टोकियोत एक छोटा कारखाना काढला. त्यांचे तीन भाऊ पुढे त्यात आले. १९५७ साली त्यांनी विजेवर चालणारं आकडेमोडीचं यंत्र बाजारात आणलं. ते टेबलाएवढं होतं. १९७२ साली आलेला 'कॅसिओ मिनी' हा कॅल्क्युलेटर मात्र हातात मावत होता आणि सामान्य नोकरदाराला परवडत होता. आकडे मोजणाऱ्या चिपा दरवर्षी स्वस्त होत होत्या. भावांपैकी तोशिओ काशिओ यांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की जी चिप बेरीज करते तिच्याकडून सूरही काढता येतील, आणि ज्याला वर्षानुवर्षं रियाज करायला सवड नाही त्यालाही वाजवण्याचा आनंद देता येईल. जानेवारी १९८० मध्ये 'कॅसिओटोन २०१' हे कंपनीचं पहिलं वाद्य बाजारात आलं.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात हिरोको ओकुदा नावाची तरुणी कंपनीत रुजू झाली. जपानच्या कुनिताची संगीत महाविद्यालयातून ती संगीतशास्त्र शिकून आली होती, आणि तिचा प्रबंध होता रेगे संगीतावर. रेगे म्हणजे जमैकाच्या गरीब वस्त्यांतून वर आलेलं संगीत. बॉब मार्ली या त्याच्या सर्वांत मोठ्या गायकाने १९७९ साली जपानचा दौरा केला, तेव्हा ओकुदाने ते कार्यक्रम ऐकले होते.

नोकरीच्या सुरुवातीलाच तिच्यावर एक काम आलं. 'एमटी-४०' नावाचं लहान वाद्य तयार होत होतं. त्याला ३७ मुख्य पट्ट्या, डावीकडे बेससाठी १५ छोट्या पट्ट्या आणि आत २२ तऱ्हेचे आवाज. वाजवणारा एकटा असेल, त्याच्या साथीला तयार ठेके हवेत. ते ठेके ओकुदाने बसवायचे होते. यंत्राची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की प्रत्येक ठेका दोन आवर्तनांत संपवावा लागे. त्यांतल्या एका ठेक्याला तिने खाली बेसची एक चाल जोडली. बटणाशेजारी नाव छापलं गेलं 'रॉक'. त्यामागे ब्रिटिश रॉकचा प्रभाव असावा, असं ओकुदाने पुढे सांगितलं. मात्र जिच्या कानांत वर्षानुवर्षं रेगे घुमत होतं, तिच्या हातून उतरलेल्या त्या चालीत रेगेचं वजन आपसूक आलं.

१९८१ साली एमटी-४० बाजारात आलं. अमेरिकेत किंमत सुमारे दीडशे डॉलर. त्या काळी स्टुडिओत वापरले जाणारे मोठे सिंथेसायझर कित्येक हजार डॉलरना मिळत. त्यांच्यापुढे हे खेळणंच होतं. थोड्याच वर्षांत कंपनीने नवी मॉडेलं आणली आणि एमटी-४० मागे पडलं. कंपनीच्या दृष्टीने त्याची गोष्ट इथे संपली होती.

वॉटरहाऊसची गल्ली

जमैकाची राजधानी किंग्स्टन. तिथल्या वॉटरहाऊस या वस्तीची ओळख दोन गोष्टींसाठी, गरिबी आणि संगीत. याच वस्तीत किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेला एक माणूस रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करायचा. एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला जुना मिक्सर विकत घेऊन त्याने १९७० च्या दशकात आपल्या घरातच स्टुडिओ थाटला, आणि ध्वनिमुद्रित गाणी सोलून, उलटसुलट करून 'डब' नावाचा नवा प्रकार घडवला. त्याच्या हाताखाली शिकलेला लॉइड जेम्स पुढे किंग जॅमी झाला. जुन्या, टाकाऊ यंत्रातून सूर काढणं हा या वस्तीचा पिढीजात हुनर होता.

तिथली रीतही समजून घ्यायला हवी. 'साऊंड सिस्टिम' म्हणजे भलेमोठे स्पीकर, रेकॉर्ड आणि माइकवर बोलणारा माणूस, असा सगळा लवाजमा मोकळ्या जागेत मांडायचा आणि वस्तीने रात्रभर नाचायचं. दोन सिस्टिमी समोरासमोर उभ्या राहिल्या की मुकाबला. आमच्या वाचकांना युसूफ आझाद आणि रशिदा खातून यांच्या कव्वालीचे मुकाबले आठवत असतील, तर तिथली चुरस वेगळी सांगायला नको. आणखी एक शब्द, 'रिदिम'. गाण्याखालचा ठेका आणि बेसची चाल मिळून रिदिम होते. एक रिदिम गाजली की तिच्यावर वीस गायक आपापले शब्द गातात आणि त्यात कुणाला चोरी वाटत नाही. आमच्या बायका जात्यावर एकाच चालीत शेकडो ओव्या गायच्या, तसंच हे.

१९८४ संपता संपता या वस्तीतल्या नोएल डेव्ही या तरुणाच्या हाती एक एमटी-४० आलं. त्याचा मित्र वेन स्मिथ हा एकोणीस वर्षांचा गायक. दोघं त्या पेटीची बटणं दाबून पाहत असताना 'रॉक'चा तो ठेका अचानक सुरू झाला. दोघं चमकले. गंमत अशी, की कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबली हेच त्यांना आठवेना. तो ठेका पुन्हा सापडेपर्यंत बरीच खटपट करावी लागली. सापडल्यावर स्मिथने त्यावर शब्द बसवले, आणि दोघं पेटी घेऊन किंग जॅमीकडे गेले.

जॅमीने जे केलं ते दिसायला साधं होतं. ठेका फार जलद होता. त्याने गती कमी केली, रेगेच्या चालीवर आणली, वर पियानोचे थोडे ठोके आणि किरकोळ ताल घातला. यंत्राचा ठेका धावत होता तोवर खेळणं वाटत होता. तोच संथ झाल्यावर त्याचा बेस छातीत वाजू लागला. ना ढोल वाजवणारा, ना बेस गिटार वाजवणारा. गाण्याचं नाव 'अंडर मी स्लेंग टेंग'. गाण्याचा विषय गांजा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कोकेनपासून दूर राहण्याचा सूरही त्यात आहे. आम्ही त्या विषयाची भलामण करत नाही. इथे मुद्दा त्याखालच्या ठेक्याचा आहे.

२३ फेब्रुवारी १९८५ च्या रात्री किंग्स्टनच्या वॉल्थम पार्क रोडवर जॅमीची सिस्टिम आणि 'ब्लॅक स्कॉर्पिओ' यांचा मुकाबला झाला. जॅमीने ही नवी रेकॉर्ड लावली आणि मैदान त्याचं झालं. त्यानंतर या एका रिदिमवर शेकडो गाणी झाली. टबीनेही त्याच वर्षी 'टेम्पो' ही आपली यंत्रावरची रिदिम काढून शागिर्दाला जवाब दिला. पाहता पाहता जमैकाच्या संगीतात नवं पर्व सुरू झालं आणि लोकांनी त्याला 'डिजिटल' हे नाव दिलं. यंत्राचा ताल त्याआधीही तिथे वापरला गेला होता. पण यंत्राला माणसाच्या साथीची गरज नाही, हे सर्वांच्या कानावर घातलं ते दीडशे डॉलरच्या पेटीने.

रिकामे झालेले हात

ही कहाणी इथे थांबवली तर छान वाटेल. गरीब पोरांनी खेळण्यातून दुनिया जिंकली, असं म्हणून टाळ्या घेता येतील. पण इतिहास लिहिताना टाळ्यांच्या आवाजात काय बुडालं, तेही पाहावं लागतं.

१९८५ पूर्वी जमैकात गाणं मुद्रित करायचं तर वादकांचा संच लागे. ड्रमवाला, बेसवाला, गिटारवाला, तुतारीवाले. 'रूट्स रॅडिक्स'सारखे संच १९८० च्या सुरुवातीला दिवसरात्र स्टुडिओत असत. गायक गरीब असला तरी वादकांना पैसे द्यावेच लागत. पेटी आली आणि निर्मात्याच्या लक्षात आलं, की एक माणूस आणि एक यंत्र पुरतं. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं हात घासून कला मिळवली, त्यांची स्टुडिओतली रोजी झपाट्याने घटली. ज्या पोरांना स्टुडिओचं दार कधीच उघडलं नसतं, त्यांना मात्र तीच पेटी दार उघडून देत होती. एकाच वस्तूने कुणाच्या ताटात घास पडला आणि कुणाच्या ताटातला गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

काहींनी वाट काढली. 'रूट्स रॅडिक्स'चा कीबोर्ड वाजवणारा विक्लिफ जॉन्सन आणि ड्रमवादक क्लीव्हलँड ब्राऊन यांनी यंत्राशी वैर धरलं नाही. स्टीली आणि क्लीव्ही या नावाने ते जॅमीच्या स्टुडिओत यंत्रावर रिदिम बांधू लागले. ड्रमवर बसून जे हाताला येत होतं, ते क्लीव्हीने बटणांना शिकवलं. पण असे थोडे. बाकीच्यांची नावं कोणत्या रेकॉर्डवर सापडतात, तेवढीच.

आपली पेटी, आपला बेंजो

हे सारं सात समुद्रांपलीकडचं आहे असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडे ही गोष्ट आधीच दोनदा घडून गेली आहे.

पहिल्यांदा घडली ती आपल्या पेटीच्या बाबतीत. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं यांनी १८४२ साली घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताचा भाता लावून जमिनीवर बसवलं. स्वस्त, टिकाऊ, शिकायला सोपं. संगीत नाटकात, कीर्तनात, दर्ग्यात, गुरुद्वारात ते शिरलं. तेव्हाही जाणकारांनी नाक मुरडलं. याच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हे परक्यांचं यंत्र आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं जे वाद्य रेडिओला चालत नव्हतं, त्याच्याशिवाय उरसातली एक रात्र तरी गेली असती का?

दुसऱ्यांदा घडली ती बेंजोच्या बाबतीत. आपण ज्याला बेंजो किंवा बुलबुलतरंग म्हणतो, ते वाद्य १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी घडवलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं ते स्वस्तातलं, घरगुती वाद्य. तिकडे त्याचं नाव ताइशोगोतो. ते आपल्याकडे आलं, कव्वालीच्या पार्टीत पेटीच्या शेजारी बसलं आणि ढोलकाच्या ठेक्यावर असं धावलं, की ते परकं होतं हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मुंबईच्या वरातींत, मिरवणुकींत 'बेंजो पार्टी' हा शब्दच रूढ झाला. पुढे त्याच पार्टीत कॅसिओ आला. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांनी ज्या कॅसिओला परकं खेळणं म्हटलं, तो त्यांच्याच बेंजोचा गाववाला निघाला!

मुंबईला विजेवरचा सूरही नवा नव्हता. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात ऐकू येणारी पुंगी पुंगी नाही. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या लहान कीबोर्डवर वाजवली होती. आणि १९८२ साली, म्हणजे स्लेंग टेंगच्या तीन वर्षं आधी, चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली एका डच कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जगाने चकित होऊन मुंबईकडे पाहिलं. चरणजित सिंग यांच्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ हे बेसचं यंत्र बाजारात आपटलं होतं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारं तेच यंत्र घेऊन शिकागोच्या काळ्या तरुणांनी १९८७ साली 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जन्माला घातला.

आणि रिकामे झालेले हात? तेही आपल्याकडे आहेत. मुंबईच्या चित्रपट-संगीतात पन्नास-पन्नास वादकांचे ताफे असत. १९९० च्या दशकात कीबोर्ड आणि संगणकाने त्यांची जागा घेतली. लहान शहरांतल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट फुंकणाऱ्यांत मुसलमान आणि दलित कलावंत मोठ्या संख्येने होते. हातगाडीवर भोंगा, त्याला जोडलेला कॅसिओ आणि एक गायक असला की बारा माणसांच्या बँडचं काम भागू लागलं. बापाने क्लॅरिनेट ठेवलं, मुलाने कॅसिओ शिकला, आणि आता डीजेच्या भिंतीपुढे तो मुलगाही मागे पडला आहे. हा आपल्या मोहल्ल्यांचा इतिहास आहे. तो लिहिला किती गेला?

श्रेय कुणाचं?

हिरोको ओकुदाला आपल्या ठेक्याचं काय झालं ते कळलं १९८६ साली, एका जपानी संगीत-मासिकात. स्लेंग टेंगच्या लाटेबद्दलचा लेख वाचताना तिच्या लक्षात आलं, की हा आपणच बसवलेला ठेका. जमैकाच्या संगीतावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचे दोन आवर्तनांचे सूर प्लास्टिकच्या पेटीत बसून जमैकात गेले होते आणि तिथले झाले होते. तिचं नाव मात्र पुढे अनेक वर्षं कुणाला माहीत नव्हतं. पेटीवर कंपनीचं नाव छापतात, ठेका बसवणाऱ्याचं नाही.

कंपनीने त्या ठेक्यापायी पैसे मागितले नाहीत. वापराबद्दल विचारणा आली, तर एमटी-४० चा आवाज वापरल्याचा उल्लेख करा, एवढंच तिचं म्हणणं. पुढे तिने आपल्याच काही लहान वाद्यांत तो ठेका 'एमटी-४० रिदिम' या नावाने पुन्हा घातला. 'रॉक' हे टोकियोत दिलेलं नाव गळालं आणि किंग्स्टनच्या गल्लीतला शब्द कारखान्यात पोचला. मालकीपेक्षा हा सन्मान आम्हाला मोठा वाटतो.

पण प्रत्येकाने तो उदारपणा परवडवून घ्यावा, असं आम्ही म्हणणार नाही. स्टीली आणि क्लीव्ही यांच्या १९८९ च्या 'फिश मार्केट' या रिदिममधून पुढे लॅटिन अमेरिकेचं रेगेटॉन उभं राहिलं, आणि त्यात अमाप पैसा आला. २०२१ साली क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीच्या वारसांच्या बाजूने अमेरिकेतल्या न्यायालयात दावा दाखल झाला, की आमच्या ठेक्याचा मोबदला द्या. मोठी कंपनी हक्क सोडते तेव्हा तिचं काही बिघडत नाही. गरीब वादकाचा ठेका हीच त्याची जमीन असते. ती सोडा म्हणणं सोपं आहे.

वेन स्मिथ २०१४ साली वारला. त्याचं आणि जॅमीचं नाव इतिहासात नोंदलं गेलं. डेव्हीचं नाव त्या मानाने थोड्यांना ठाऊक. ज्यांची रोजी गेली त्या वादकांची यादी कुणी केलेली नाही.

यादी आपणही केलेली नाही. रत्नागिरी, महाड, मिरज, मालेगाव, औरंगाबाद, भिवंडी. या गावांत कव्वालीच्या पार्टीत बेंजो कोण वाजवत होतं? लग्नाच्या बँडमध्ये पहिला कॅसिओ कुणी आणला, कुठून आणला, त्यावर पहिलं गाणं कोणतं बसवलं, आणि त्या दिवशी कोणत्या क्लॅरिनेटवाल्याला 'उद्यापासून नको' असं सांगितलं? ज्यांना हे माहीत आहे ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे कागद नाहीत, फक्त आठवणी आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरात असा कुणी खालू, चाचा, आजोबा असेल, त्यांनी एक वही घ्यावी आणि त्यांच्यासमोर बसावं. नाव, गाव, उस्तादाचं नाव, वाद्य कितीला घेतलं, कितीला विकलं, एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

आम्ही सुरुवात आमच्याच माळ्यापासून केली. पेटी खाली उतरवली, धूळ पुसली, नवे सेल घातले. तीन पट्ट्या मुक्या आहेत. ठेक्याचं बटण दाबलं, तर तो अजून वाजतो. तो बसवणाऱ्याचं नाव आम्हाला माहीत नाही. मात्र ती पेटी ज्यांनी आखातातून आणली त्या मामूंचं नाव, आणि मोहल्ल्यातल्या ज्या मुलाने तिच्यावर पहिल्यांदा पूर्ण गाणं वाजवून दाखवलं त्याचं नाव आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.